कामोठ्यात काड्यांवरचं भरीत

भगवानराव ढाक्यांनी फोनवर एक थाप मारली आणि त्या थापेपायी कामोठ्यात आगीचा बंब आला. मधे काय काय झालं ते आता ऐका.

झालं असं, की गावाकडून, जळगावकडच्या भालोदहून, त्यांच्या थोरल्या भावाचा फोन आला. तुझ्या पोराने तिकडे घर घेतलंय, तुम्ही दोघं तिथे राहताय, तर एकदा येऊन पाहून जातो म्हणाला. (पोराने घर घेतलं आणि लगेच त्याची हैदराबादला बदली झाली. आईबाप कामोठ्यात राहून त्या घराची राखण करतात. असो.) आता हा दादा कसा, तर भगवानरावांची सगळी नोकरी चोपडा, शिरपूर, नंदुरबार करत बदल्यांत गेली, पण एवढ्या वर्षांत दादा कधी राहायला आला नाही. कधी केळीला पाणी द्यायचंय, कधी कपाशी वेचायचीय, कधी म्हैस व्यायलीय. ती म्हैस इतक्या वेळा व्यायली, की अख्ख्या यावल तालुक्यात तिचीच वासरं असायला हवी होती. तो दादा आपणहून येतो म्हटल्यावर भगवानरावांच्या छातीत ढोल वाजायला लागले.

"येतांना वांगे आणू का रे?" दादाने विचारलं. "शेतात लागलेत चांगले."

यावर 'आण' म्हणायचं. दोन अक्षरांचं काम. पण नाही. भगवानराव म्हणाले, "छे छे! वांगी कसली आणतोस? इथे काय कमी आहे? भरताची वांगी रस्त्यावर लोळतात कामोठ्यात! तू फक्त ये. मी तुला खाऊ घालतो भरीत. काड्यांवरचं!"

"बरं," म्हणून दादाने फोन ठेवला. तो फोनवर एवढंच बोलायचा. समोर असला तरी याहून फार बोलत नसे, निदान भगवानरावांशी तरी.

विनिताबाईंनी स्वैपाकघरातून सगळं ऐकलं होतं. त्या हात पुसत बाहेर आल्या. "अहो, भावजी तिथून निघणार, तिथलंच खाऊन येणार. त्यांना इथे पुन्हा भरीतच कशाला? आणि रस्त्यावर लोळतात ती वांगी कुठल्या रस्त्यावर, ते मलाही सांगा. मी दीड वर्षात पाहिली नाहीत."

हा प्रश्न इतका सरळ होता, की भगवानरावांनी तो ऐकलाच नाही.

खरी गोष्ट अशी, की दादाला भरताचं काही कौतुक नव्हतं. तळमळत होते ते भगवानराव स्वतः. इकडे आल्यापासून त्यांना स्वप्नातसुद्धा वांगी दिसायची. आणि वांगी म्हणजे आपली काळी-जांभळी नव्हेत हं. ती लांबट, पोपटी-पांढरी, तान्ह्या पोराच्या मांडीएवढी. ती गॅसवर भाजायची नाहीत. उघड्यावर कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा आणि त्यात झोकून द्यायची. मग साल काढून लाकडी बडगीत ठेचायची. हे काम बायकांचं नाही, पुरुषांचं. बाकी वर्षभर ज्याला चुलीची दिशा माहीत नसते, तो पुरुषसुद्धा त्या दिवशी धोतर खोचून सेनापतीसारखा उभा राहतो. मिक्सरचं नाव काढलं तर सोयरीक मोडते.

तर दादा आला. धोतर, टोपी, हातात काठी, खांद्यावर पिशवी, पिशवीत विनिताबाईंसाठी कळण्याच्या भाकरीचं पीठ. घर हिंडून पाहिलं, बाल्कनीतून खाली पाहिलं, "उंच हाये," म्हणाला. मग सोफ्याच्या कडेला टेकला आणि शेजारच्या जागेवर हाताने थोपटून म्हणाला, "बस नं, भगवान."

"बसतो रे, आलोच, जरा बाजारात जाऊन येतो," भगवानराव चपला घालत म्हणाले.

आणि तो आठवडा असाच गेला.

पनवेलच्या बाजारात त्यांनी एकूण एक वांगेवाल्याला उभं आडवं घेतलं. एकाने चकचकीत जांभळं वांगं पुढे केलं. "घ्या काका, भरताचंच हाय."

"याला तुम्ही भरताचं म्हणता? हे तर दिवाणखान्यात ठेवायचं वांगं आहे."

"मंग ठेवा दिवाणखान्यात," भाजीवाला म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

कोणीतरी सांगितलं, हायवेला 'अस्सल खानदेशी ठसका' म्हणून हॉटेल आहे. भगवानराव तिथे गेले. दारात बैलगाडी, वेटरला पागोटं, भिंतीवर रंगवलेलं केळीचं बन. भरीत मागवलं तर वर चीज किसून आलं. भगवानरावांनी चमच्याने चीज बाजूला सारलं, खाली टोमॅटो निघाला. टोमॅटो सारला, खाली ढोबळी मिरची निघाली. वांग्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांना दम लागला. मालकाला बोलावून त्यांनी भरीत या विषयावर असं व्याख्यान दिलं, की आजूबाजूची दोन टेबलं उठून गेली. मालक बिचारा शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, मी साताऱ्याचा आहे. मला माफ करा."

घरी आले तर दादा घरात नाही. विनिताबाई म्हणाल्या, "खाली बसलेत. ठमाबाईंबरोबर."

ठमाबाई म्हणजे तळमजल्यावरची. बिल्डिंग उभी आहे ती जमीन तिच्याच सासऱ्याची. पाच घरं तिच्या नावावर, हातात मनगटापासून अर्ध्यापर्यंत सोनं, आणि दिवसभर लॉबीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वालाच्या शेंगा सोलायची. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय होतं, सगळं तिला ठाऊक. सीसीटीव्ही बंद पडला की सोसायटी ठमाबाईला विचारायची.

भगवानरावांनी जाता जाता पाहिलं. दादा तिच्यासमोर दुसऱ्या खुर्चीवर, मांडीवर सूप, वाल सोलतोय. त्यांना जरा कमीपणा वाटला. आपला भाऊ पाहुणा म्हणून आलाय आणि लॉबीत शेंगा सोलतोय! लोक काय म्हणतील? पण उद्या भरीत झालं की सगळं भरून निघेल, असं म्हणून ते लिफ्टमधे शिरले आणि पुतण्याला फोन लावला.

पुतण्या म्हणजे दादाचाच मुलगा. तो भालोदला. त्याला दबक्या आवाजात सांगितलं, "रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर पोतंभर वांगी टाक. आणि तुझ्या बापाला कळू देऊ नको."

"काका, पण वांगे तर त्यांच्याच शेतातले हायेत."

"म्हणूनच!"

पहाटे कळंबोलीच्या सर्कलला भगवानराव मफलर गुंडाळून उभे. ट्रॅव्हल्स आली, पण थांबलीच नाही. भगवानराव हात हलवत मागे धावले. त्यांच्यामागे दोन रिक्षावाले धावले, त्यांना वाटलं ह्यांची बायको गाडीत राहिली. शेवटी एक रिक्षा करून त्यांनी ती गाडी पुढच्या पेट्रोल पंपावर गाठली. पोतं मिळालं. वांगी पाहून भगवानरावांना असं भरून आलं, की त्यातलं एक त्यांनी तिथेच गालाला लावलं. रिक्षावाला आरशातून पाहत होता. तो म्हणाला, "होतं असं काका. गावाकडची आठवण."

पोतं त्यांनी जिन्याखाली लपवलं आणि वर गेले. दादा उठून चहा घेत होता.

"कुठी गेल्ता एवढ्या सकाळी?"

"फिरायला."

"मले उठवायचं नं. आलो असतो संगं."

भगवानरावांनी पेपर ओढला. ते म्हणाले, "उद्या जाऊ." आणि पेपर उघडून बसले. दादा तोंडासमोरच्या पेपराकडे जरा वेळ पाहत राहिला, मग काठी घेऊन खाली गेला.

वांगी झाली. आता काड्या. कामोठ्यात कपाशी कुठली? तिथे भात पिकायचा, आता बिल्डिंगी पिकतात. भगवानरावांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'कपाशीच्या वाळक्या काड्या कोठे मिळतील?' झालं. सल्ल्यांची झड लागली. कोणी म्हणालं एअर फ्रायर घ्या. कोणी म्हणालं कोळसा आणा. हेतल नावाच्या मुलीने कानातला मळ काढायच्या कापसाच्या काड्यांचं पाकीट घरी आणून दिलं, वर "अंकल, एक्स्ट्रा होते" म्हणाली.

सेक्रेटरी हरेशभाई मात्र गंभीर माणूस. तो म्हणाला, "काका, जासईला जा. तिथे गोडावनमधे कॉटनच्या कंटेनर येते, हजारो टन. एवढा कॉटन आला तर थोडीफार काडी नाही येणार?"

हे भगवानरावांना पटलं. आता यातली चूक माझ्या-तुमच्या लक्षात येते. पण माणूस एकदा भरताच्या नादाला लागला की त्याचं डोकं वांग्यासारखंच होतं, बाहेरून तुकतुकीत, आतून नुसता गर.

जासईला कंटेनरचे डोंगर रचलेले. भगवानराव एका गोडाऊनच्या फाटकावर गेले. गार्डने विचारलं, "इम्पोर्ट की एक्सपोर्ट?"

"घरगुती."

"कंटेनर नंबर?"

"कंटेनर नको हो. तुमच्याकडे कापूस आहे ना?"

"हाय. मग?"

"कुठे ठेवलाय?"

गार्डने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमाला काय करायचाय?"

"जाळायचंय," भगवानराव म्हणाले.

त्यांना म्हणायचं होतं, काड्या जाळायच्यात. पण तेवढं स्पष्टीकरण द्यायला त्या गार्डने उसंत दिली नाही. शिट्टी वाजली. आणखी तिघे गार्ड आले. भगवानरावांचे खिसे तपासले आणि खिशात काय निघालं? काडेपेटी! घरून निघताना जाळ धरतोय का पाहायला बरोबर घेतली होती, एवढे व्यवस्थित गृहस्थ. मग त्यांना एका केबिनमधे बसवलं. एक साहेब आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाला, "काका, कापसाच्या गाठीत एक काडी सापडली ना, तर परदेशातून अख्खा माल परत येतो. आम्ही काडी दिसू नये म्हणून पगार घेतो. आणि तुम्ही काडी मागायला आलात." त्याच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. भगवानरावांना ती जास्त लागली.

सोडवायला कोणाला बोलवायचं? दादाला फोन लावायची सोय नव्हती. काय सांगणार? विनिताबाईंना लावला. त्यांनी ठमाबाईला सांगितलं, ठमाबाईने तिच्या मुलाला, महादेवला. त्याचे ट्रेलर जासईलाच चालायचे. तो मोटरसायकलवर आला, गार्डच्या पाठीवर थाप मारली, "आपलं काका हायेत रं," आणि भगवानरावांना मागे बसवून निघाला.

वाटेत तो म्हणाला, "काका, एवढं कशाला हिंडताव? उद्या आमी शेतावर पोपटी लावतोय. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटी, भांबुर्ड्याचा पाला. तुमच्या भावासाठी आय अंडी-कोंबडी काय नाय टाकनार. त्याच जाळात टाका की तुमची वांगी."

"जाळ कशाचा?"

"पेंढ्याचा. आनि काय भेटल त्याचा."

"पेंढ्याचा जाळ भरताला चालत नाही," भगवानराव मागून म्हणाले. नुकतंच ज्याने आपल्याला गार्डांच्या तावडीतून सोडवून आणलंय त्याला हे सांगताना त्यांना काहीच वाटलं नाही.

महादेव हसला. "तुमचा भाऊ तर म्हनला, जाळ तो जाळ."

"दादा असं म्हणाला?" भगवानरावांना खरं वाटेना. दादा शेजाऱ्याच्या पोराशी जाळावर चर्चा करतो?

रात्री जेवायला ठमाबाईकडून वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या आल्या होत्या. दादाने बोटं चाटून खाल्लं. "चांगलं करते बाई," म्हणाला. भगवानरावांच्या घशात वाल अडकला. आपल्या घरात, आपल्या पानावर, आपल्या भावाला दुसऱ्याचं आवडावं! ते म्हणाले, "दादा, उद्या मात्र भरीत. नक्की."

"राहू दे रे आता. मले काय, घरी रोजच हाये. तू जरा घरी थांबशीन तं बरं होईन. उद्या चारला निघनं हाये माह्यं."

"त्याच्या आत करतो की!"

दादा पानावरून उठला. विनिताबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर तिथेच जळून भाजून भरीत झाला असता. पण भगवानराव तोपर्यंत गॅलरीत गेले होते. काड्यांसाठी पुतण्याला पुन्हा फोन.

काड्यांची मोळी, आणि तिच्यात बांधलेली बडगी, दुसऱ्या सकाळी दुसऱ्या ट्रॅव्हल्सच्या टपावरून आली. आता राहिली गच्ची. गच्चीची किल्ली हरेशभाईकडे आणि हरेशभाई नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचा नाही. त्याने अर्ज मागितला. अर्जात 'प्रयोजन' म्हणून भगवानरावांनी लिहिलं, 'वांगी भाजणे'. हरेशभाई म्हणाला, हे नाही चालणार, 'कौटुंबिक धार्मिक कार्यक्रम' लिहा. भगवानराव म्हणाले, मी खोटं लिहिणार नाही. (फोनवर बोललेलं खोटं नसतं बहुतेक.) यावर दुपारचा एक वाजला. खजिनदार केतन जेवायला घरी आला, त्याची सही लागली. शेवटी परवानगी मिळाली, खाली हरेशभाईने अटी घातल्या: धूर होऊ नये, वास येऊ नये, जाळ मर्यादित असावा.

धुराशिवाय काड्या पेटवायच्या! पण भगवानरावांनी सही केली. नोकरीत अशा कितीतरी कागदांवर केल्या होत्या.

मोळी खांद्यावर घेऊन ते लॉबीतून चालले तेव्हा दादा आणि ठमाबाई शेतावर निघाले होते. शेत म्हणजे काय, दोन बिल्डिंगींच्या मधे राहिलेला तुकडा.

"ये नं रे," दादा म्हणाला. "संगं जाऊ. मडकं फोडतात म्हने."

"तू हो पुढे. मी वर वांगी लावतो. तू येशील तोवर तयार."

दादाने मोळीकडे पाहिलं, मग भावाच्या घामेजल्या तोंडाकडे. आणि काठी टेकत गेला.

आता गच्चीवर काय झालं ते ऐका. सातव्या मजल्याच्या वर, खाडीचा वारा, आणि कपाशीच्या सुकलेल्या काड्या. भगवानरावांनी काडी ओढली. जाळ असा उठला, की उरणच्या मोरा बंदराला लागलेल्या होड्यांनी म्हणे तो पाहिला आणि दीपस्तंभ समजून वळल्या. होड्यांचं सोडा, पण धूर खरोखर पाण्याच्या टाकीला वेढे घालून शेजारच्या सोसायटीत शिरला. भगवानराव मात्र धोतर नसल्याने पॅन्ट गुडघ्यापर्यंत खोचून, डोळ्यांतून धारा काढत, वांगी उलटत होते. दीड वर्षात इतके सुखी ते कधी झाले नव्हते. वांग्यांची सालं फुटायला लागली. तो वास आला. त्यांनी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा बिल्डिंगचा भोंगा केकाटत होता. कोणीतरी बंबाला फोन केला होता. भोंगा वाजल्याबरोबर लिफ्ट आपोआप खाली जाऊन बंद झाली, तसा नियमच आहे. खालून घंटा वाजवत लाल गाडी आली. लोक पोरंबाळं, दागिने, एक गृहस्थ तर नुसता टीव्ही घेऊन खाली धावले. पाइप घेऊन जवान सात मजले चढून आले. सगळ्यात पुढचा हेल्मेटवाला दारात आला आणि थबकला.

"काका... काड्यांवरचं?"

"तुम्ही कुठले?"

"अमळनेर."

मागून अधिकारी ओरडला, "अरे पाणी मार!" तो जवान म्हणाला, "साहेब, दोन मिनिटं. कच्ची राहतील." आणि खरंच त्याने पाइप धरून, वांगी होईपर्यंत आजूबाजूच्या भिंती भिजवल्या. शेवटचं वांगं बाहेर काढल्यावर मग जाळ विझवला.

मग अधिकाऱ्याचे प्रश्न सुरू झाले. नाव काय, फ्लॅट कुठला, परवानगी कोणाची. भगवानरावांनी कागद दाखवला. 'धूर होऊ नये' वाचून अधिकाऱ्याने हरेशभाईला बोलावलं, हरेशभाई सात मजले चढून येईपर्यंत अर्धा तास गेला आणि आल्यावर त्याला बोलता येईना. भगवानराव एकीकडे उत्तरं देत होते आणि दुसरीकडे सालं काढून बडगीत ठेचत होते. वेळ होत चालली होती ना.

तेवढ्यात खालून हाक आली.

"भगवान! ए भगवान!"

त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली दादा, पिशवी खांद्याला. शेजारी महादेवची गाडी, दार उघडं. विनिताबाई आणि ठमाबाई उभ्या. माणसं वरून बोटाएवढी दिसत होती.

"लिफ्ट बंद हाये रे! मले नाही चढवत एवढं!" दादा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता. "गाडीची वेळ झाली! येतो मी!"

"थांब दादा! झालंच! फोडणी राहिलीय फक्त!"

"काय?"

"फोडणी!"

वाऱ्याने ते कुठे नेलं कोण जाणे. दादाने हात वर केला. जरा वेळ तसाच धरला. भगवानरावांनीही हात वर केला, त्या हातात बत्ता होता. मग ते बडगी उचलून जिन्याकडे धावले. अधिकारी मागून "अहो सही!" म्हणून ओरडला. सात मजले ते मांडीएवढ्या वांग्यांचा लगदा छातीशी धरून उतरले, ओल्या पायऱ्यांवर दोनदा घसरले, पण लगदा सांडू दिला नाही. खाली पोचले तेव्हा महादेवची गाडी कोपऱ्यावर वळत होती. काचेतून टोपी दिसली, तेवढीच.

"फोन लावा ना," विनिताबाई म्हणाल्या. "महादेव गाडी वळवेल."

"नको. गाडी चुकेल दादाची," भगवानराव म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "आणि फोडणी कुठे दिलीय अजून?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी भालोदला फोन केला.

"पोचलो," दादा म्हणाला.

"दादा, भरीत राहिलंच."

"चालते रे. पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी कधी?"

"पाहू. केळी हाये, म्हैस हाये." दोघांनाही ऐकू येत होतं, की दुसरा फोन धरून आहे. "ठेवू का?" दादाने विचारलं. भगवानराव "ठेव" म्हणाले.

दुपारी ते डबा घेऊन लॉबीत गेले. इमारतीत तोंड दाखवायची सोय नव्हती. दंडाची नोटीस फलकावर लागली होती. पण ठमाबाईचं नाही म्हटलं तरी देणं होतं. ती खुर्चीवर वाल सोलत होती. समोरची खुर्ची रिकामी होती.

"बसा ढाकेभाऊ," ती म्हणाली. "तुमचं ते जळकं वांगं का? आना, बगू."

ते बसले. पहिल्यांदाच. "दादाने तुम्हाला फार त्रास दिला नाही ना?"

"तरास? आवो, काय गोष्टी सांगतो तो मानूस! हसवून हसवून पोट दुखवलं आमचं. असा गप्पिष्ट गडी मी उभ्या जन्मात बगला नाय."

"दादा?"

"मंग कोन? तुमची समदी खबर हाय मला. तुमी चड्डीत असताना बाजारात हरवलाव, आनि एका बैलाच्या पोटाखाली झोपलेलं सापडलाव."

"मी?"

"तुमाला म्हईस शिंगावर घेत व्हती ते. तुमी मास्तरच्या टोपीत बेंडूक घातलाव ते. तुमचा बाप गेला त्या रातच्याला तुमी कसं याच्याच कुशीत झोपलाव, ते." ती शेंगा सोलतच होती. "आनि तो डब्याचा किस्सा."

"कुठला डबा?"

"हाच की. भरताचा. तुमी शिकाया जळगावला व्हताव, तवा हा डबा घेऊन आला व्हता ना तुमच्या हाष्टेलला? पार फाटकापर्यंत. बगतो तर तुमी चांगल्या कपड्यात, मित्रांच्या संगती, विंग्रजीत हसत उभं. आनि हा मातीचं धोतार नेसून. म्हनला, मंग मी तसाच मागं फिरलो. माझ्या भावाला कमीपना वाटाया नको. ष्ट्यांडवर बसून मीच खाल्लं समदं भरीत." ठमाबाई हसली. "हसत सांगत व्हता हां. म्हनला, एवढं चांगलं झालं व्हतं, की फुकट जाऊ द्यावसं वाटं ना. तुमाला ठावं आसंलच की ह्ये."

भगवानराव वालाच्या टरफलांकडे पाहत होते. तो कुठला दिवस असेल, कुठले मित्र असतील, ते कशाला हसत होते, काही काही आठवेना.

"हो तर," ते म्हणाले. "ठाऊक आहे."

ठमाबाईचे हात थांबले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग सूप खाली ठेवलं. आत जाऊन तांदळाची भाकरी घेऊन आली, मोडली, तिच्यावर डब्यातलं भरीत घातलं आणि अर्धी त्यांच्या हातात दिली.

"खावा," ती म्हणाली. "गार झालंय."

भगवानराव मान खाली घालून खात राहिले. भरीत मात्र मेलं अगदी झकास झालं होतं.